रेइनोची बहीण

१६ ऑक्टोबर २०१६

काइसा,

फोनवर तू मला तीनच शब्द बोलतेस. "रेइनोला फोन दे." चौथा शब्द तुझ्या तोंडून निघत नाही, म्हणून हा कागद.

रेइनो झोपलेला असतो. रविवारी दुपारी चारला तुझा फोन येतो तेव्हा तो झोपलेला असतो, हे मी दोन महिने सांगते आहे. आणि तू दोन महिने म्हणते आहेस, की तो दुपारी कधीच झोपत नाही. तुला काय माहीत? तुला घर सोडून चौदा महिने झाले. भावाशी बोलायचं असेल तर भाऊ राहतो तिथे यायचं. टूसॉनहून इथे विमानं येतात, मी चौकशी केली आहे.

केंद्राचं जोरात चाललंय, अपंग मुलांच्या आईबापांची रांग लागते. या महिन्यात नवीन अकरा घरं आली. त्यातली शॉना पेलकी म्हणून एक आहे, तुझ्याहून थोडी मोठी. तिची ओपल आठ वर्षांची, चालत नाही, बोलत नाही, पोटाला लावलेल्या नळीतून जेवते. शाळा म्हणे, नर्स ठेवायला आमच्याकडे माणूस नाही, मुलीला घरीच शिकवा. मी शॉनाबरोबर मीटिंगला गेले. टेबलाच्या पलीकडे सात जण, अलीकडे आम्ही दोघी. प्रिन्सिपल गोड हसून म्हणाला, "इर्मा, आपण सगळे एकाच बाजूचे आहोत ना?" मी म्हटलं, "मग तुमच्यातले तिघं उठून इकडे बसा, टेबल कलंडतंय." शॉनाला आधीच बजावून ठेवलं होतं, कागदाला पेन लावायचं नाही. घरी न्यायचा, दोन दिवस वाचायचा, मग बोलायचं. ओपलला नर्स मिळाली. शॉना पार्किंगमध्ये माझ्या गळ्यात पडून रडली.

आता तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. तुझ्या अठराव्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी मी तुला वकिलाकडे नेलं. माझ्यानंतर रेइनोची पालक तू, असा कागद पुढे ठेवला. तू म्हणालीस, "आई, जरा वाचते ना." आणि मी म्हटलं, "सही कर, क्रीम वितळतंय." हे तू मला इतक्यांदा ऐकवलंस, की मला पाठ झालंय. पण शाळेचा प्रिन्सिपल आणि सख्खी आई यात काही फरक असेल की नाही?

ग्रेडीचं म्हणशील, तर ग्रेडी आपणहून गेला. ज्याला लग्नच करायचं नसतं तो कारण शोधतो. मी त्याला काहीही म्हणाले नव्हते.

रेइनो ठीक आहे. इस्पितळाच्या लाँड्रीत टॉवेलांच्या घड्या घालतो. तिथले म्हणतात, त्याच्याइतकी काटेकोर घडी कुणाची पडत नाही. तुझी आठवण काढत नाही.

आई

११ डिसेंबर २०१६

काइसा,

मागच्या पत्रात मी लिहिलं, की रेइनो तुझी आठवण काढत नाही. ते खरं नव्हतं.

तो दर रविवारी रस्त्याच्या टोकाला, बस थांबते तिथे जाऊन उभा राहतो. जेवण झालं की लाल टोपी घालतो आणि निघतो. अंधार पडायच्या आत मी त्याला ओढून आणते. चूक माझीच आहे. त्याने विचारलं, "काइसा कधी?" मी म्हटलं, "रविवारी येईल." त्या रविवारी विचारलं, तेव्हाही तेच म्हटलं. त्याला वाटतं, रविवार म्हणजे पुढचाच. आता बर्फ गुडघ्याला लागतं. मी म्हटलं, बूट काढ, आज नाही जायचं. तो म्हणाला, "बस चुकेल." त्याला बसने कुठेच जायचं नसतं. पण तू या बसने येणार, हे त्याने स्वतःचं स्वतःच ठरवलंय.

तू रविवारी फोन करणं बंद केलंस ते बरंच झालं. घंटी वाजली की तो पळत यायचा आणि मला फोन हाताने दाबून धरून उभं राहावं लागायचं. हो, तो जागा असायचा. तू फोनवर दर रविवारी थोडी थोडी भेटली असतीस, तर घरी कशाला आली असतीस? हा हिशेब मी केला, आणि तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर तो बरोबर ठरला असता.

भावंडांचा शनिवार तुला आठवतो ना? ज्या मुलांचे भाऊबहीण अपंग आहेत, त्यांना महिन्यातून एक दिवस मोकळं सोडायचं, ही कल्पना माझी. राज्यभर आता सगळे तिची नक्कल करतात. या वेळी शॉनाची मोठी मुलगी एडी आली होती. दहा वर्षांची. बाकीची पोरं चर्चच्या हॉलमध्ये चेंडू खेळत होती आणि ही दर वीस मिनिटांनी घड्याळ बघत होती. विचारलं तर म्हणाली, "ओपलची नळी धुवायची वेळ झाली." मी शॉनाला बाजूला घेऊन चांगलं सुनावलं. म्हटलं, "मोठीला नर्स करू नकोस. तिला तिचं आयुष्य असतं."  शॉना म्हणाली, "तुमची मोठी कुठे असते, इर्मा?"

मी म्हटलं, "टूसॉनला. मजेत."

आता ग्रेडीचं सांगते. तू गेलीस ते त्याच्यावरूनच गेलीस, तर निदान खरं ऐकून ठेव. त्याला मी घरी बोलावलं, कॉफी दिली, वेलदोड्याचा पाव दिला. म्हटलं, "काइसाशी लग्न करतोस तर दोघांशी करतोस, हे तिने सांगितलंय ना? मी साठीला आलेय. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी रेइनो तुमच्या घरात येईल, आणि तुमच्या घरातच म्हातारा होईल. तुझी पोरं झाली तरी काइसाचं पहिलं पोर तोच." त्याने पाव अर्धा ठेवला. मी खोटं एकही वाक्य बोलले नाही. जो अर्ध्या पावावर उठून जातो त्याच्याबरोबर तू काय संसार करणार होतीस?

ये आता. नाताळला ये. वाफेच्या अंघोळीची सॉना-खोली तापवून ठेवीन.

आई

५ फेब्रुवारी २०१७

काइसा,

नाताळला तू आली नाहीस. पाकिटातून रेइनोला फोटो पाठवलास, कॅक्टसशेजारी उभी. मी तो त्याला दाखवला नाही.

आता लिहिते ते बसून वाच.

पंधरा जानेवारीला रविवार होता. शून्याखाली बावीस. मी केंद्राच्या कामाने गावात होते, मला यायला उशीर झाला. रेइनो बस थांब्यावर तीन तास उभा होता. बर्फ ढकलणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर त्याला घरी घेऊन आला. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली. एक काढावं लागलं.

इस्पितळात त्याने पहिला प्रश्न विचारला, "बस आली का?"

मी त्याला म्हटलं, "काइसा येणार नाही. काइसा मेली."

तोंडातून गेलं असं म्हणणार नाही. विचार करून म्हटलं. 'ती आपल्याला सोडून गेली' हे मी त्याला महिनाभर वेगवेगळ्या शब्दांत सांगून पाहिलं होतं. त्याला सोडून जाणं कळत नाही. मरणं कळतं. आजोबा मेले तेव्हा त्याने शवपेटीवर माती टाकली होती आणि त्यानंतर एकदाही आजोबांची वाट पाहिली नाही.

त्याने विचारलं, "काइसा आजोबांसारखी मेली?"

"हो."

"दुखलं तिला?"

"नाही."

रडला. दोन दिवस रडला, जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पुरायचं." मी म्हटलं, जमीन गोठली आहे. तो म्हणाला, "पुरायचं." मग तुझा जुना हिरवा कोट काढला, आणि सॉना-खोलीच्या मागे बर्फात खड्डा केला. त्यानेच केला, एका पायावर जोर देऊन. कोट घडी घालून ठेवला. त्याची घडी तुला माहीत आहे. चर्चमधलं एक गाणं अर्धं म्हटलं, पुढचं त्याला येत नव्हतं, मला गाववेना. मग घरात येऊन मांस-बटाट्याच्या दोन पेस्ट्या खाल्ल्या आणि झोपला. पुढच्या रविवारी टोपी घातली नाही.

म्हणजे उपाय लागू पडला. बोट गेलं, पण पाय वाचला. तू आता मला राक्षसीण म्हणशील. म्हण. त्या थंडीत तू नव्हतीस.

तुला मोकळं व्हायचं होतं, झालीस. फोन करू नकोस, फोटो पाठवू नकोस. मेलेल्या माणसाचा फोन आला तर त्याच्या डोक्याचं काय होईल याचा विचार कर.

आई

३० एप्रिल २०१७

काइसा,

तू असं यायला नको होतंस.

घरी आली असतीस तर मी काहीतरी केलं असतं. आधी त्याला बसवलं असतं, हळूहळू सांगितलं असतं. तू केंद्राच्या वसंत मेळाव्याला आलीस. ऐंशी घरं, चाकाच्या खुर्च्या, पोरं, केक, आणि मी भाषण करत होते. तेच भाषण. रेइनो डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'याला घरी नेऊ नका, तुम्हाला एक चांगली मुलगी आहे, तिच्यावर समाधान माना', आणि मी म्हटलं, 'मला दोन मुलं आहेत'. या वाक्याला लोक नेहमी टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांत तू दारातून आत आलीस.

तुला वाटलं असेल, तो पळत येऊन मिठी मारेल. मला दिसलं तुझ्या चेहऱ्यावर. हात पसरलेच होतेस.

तो ज्या आवाजात ओरडला तो आवाज मी एकोणतीस वर्षांत ऐकला नव्हता. टेबलाखाली घुसला. पँट ओली झाली. "ती बर्फात आहे! ती बर्फात आहे!" तू वाकून टेबलाखाली हात घातलास, "रेइनो, मी आहे रे, काइसा," आणि तो तुला चावला. मनगटाला. रक्त आलं. टाके पडले का? 

मग तू उभी राहिलीस आणि माझं फेब्रुवारीचं पत्र वाचलंस. मोठ्याने. सगळं.  संपल्यावर एडी, ती दहा वर्षांची पोर, शॉनाला म्हणाली, "आई, इर्माने असं का केलं?" आणि शॉना म्हणाली, "कोट घाल. आपण निघू."

केंद्राच्या मंडळाने मला पुढच्या आठवड्यात आभाराचं पत्र दिलं, फुलं दिली आणि किल्ल्या परत मागितल्या. सव्वीस वर्षं. जिथे माझं टेबल होतं तिथे आता शॉना बसते.

रेइनो पाच दिवस कामावर गेला नाही. दार वाजलं की टेबलाखाली जातो. हे तू केलंस. मी तुला मारलं होतं, पण शांत मारलं होतं.

आई

१४ सप्टेंबर २०१७

काइसा,

तू कोर्टात गेलीस. आईच्या हातून भाऊ काढून घ्यायला. मला जरा अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगू? पण तू हे विसरलीस, की या जिल्ह्यात पालकत्वाचे खटले कसे लढायचे हे वकिलांनासुद्धा मीच शिकवलंय.

शॉना तुझ्या शेजारी बसली होती. ते मला लागलं. तुझ्या कानात कुजबुजत होती. मी सांगू काय म्हणत होती? "ते चिडवतील, तू चिडू नकोस. ते घाई करतील, तू पाणी पी." एकेक अक्षर माझं. तिला पार्किंगमध्ये उभी राहून शिकवलेलं.

माझ्या बाजूला कुणी नव्हतं. पण माझ्याकडे नोंदी होत्या. दोन वर्षांत तू एकदा आलीस आणि त्या एका भेटीत तो टेबलाखाली गेला. लाँड्रीच्या मुकादमाची साक्ष होती, की त्यानंतर कामावर परतल्यावर आठवडाभर त्याच्या हातून एक घडी नीट पडली नाही. मानसोपचारवाल्या बाईंचा कागद होता, की तुझ्या दिसण्याने त्याला त्रास होतो. 'का होतो' हा प्रश्न वेगळा, तो त्या कागदावर नव्हता.

न्यायाधीशबाई भल्या होत्या. खुर्ची सोडून खाली आल्या, रेइनोच्या शेजारी बसल्या. त्याने कोटाची बटणं मानेपर्यंत लावली होती, आठवतं?

"रेइनो, तुला बहीण आहे?"

"होती. मेली."

"मग तिथे बसली आहे ती कोण?"

त्याने तुझ्याकडे बघितलं नाही. "तिच्यासारखी दिसते. मला नको ती."

तू तोंडावर हात ठेवलास. मी ठेवला नाही. मी पुढे बघत होते.

निकाल देताना बाई मला म्हणाल्या, "तुम्ही जे केलंत ते मी जन्मात विसरणार नाही. आणि तरीही मला या माणसाला त्याच घरी पाठवावं लागतंय, कारण त्याला दुसरं घर उरलेलं नाही. ते तुम्हीच उरू दिलं नाहीत." मग हुकूम झाला. रेइनो माझ्याकडे, आणि माझ्या संमतीशिवाय तू त्याच्यासमोर यायचं नाहीस.

जिंकले. पायऱ्या उतरताना त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "भूत गेलं?" मी म्हटलं, "गेलं."

आई

३ जून २०१८

काइसा,

तुझ्या वकिलाचं पत्र आलं, की तुला माझा पत्रव्यवहार नको आहे. तरी लिहिते. तू ते न उघडता टाकशील, किंवा नाही टाकणार. माझ्या हातात फक्त तिकीट लावणं आहे.

माझ्या यकृतात गाठ आहे. मार्चमध्ये कळलं. डॉक्टर पोरगेलासा आहे, बोलताना खिडकीकडे बघतो. म्हणाला, पानं गळेपर्यंत. मी म्हटलं, "इथे पानं लवकर गळतात, नक्की सांगा." मग त्याने सप्टेंबर म्हटलं.

कळल्यावर पहिल्याच आठवड्यात मी कोर्टात जाऊन तो संमतीचा हुकूम रद्द करून घेतला. तू आता केव्हाही येऊ शकतेस. त्याच न्यायाधीशबाई होत्या. कागदावर सही करताना त्यांनी मान वर केली नाही.

मग शॉनाकडे गेले. माझ्याच जुन्या टेबलासमोर, पालकांच्या खुर्चीत बसले. तिने मला एकही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं. फाइल उघडली आणि कामाला लागली. अपंग प्रौढांच्या सरकारी गटनिवासात एक जागा आहे. इथून दक्षिणेला सहा तास. चार पुरुष, एक स्वयंपाकघर. लाँड्री नाही. पर्याय कमी आहेत, ती म्हणाली, कारण कागदावर ज्या नातेवाइकाचं नाव आहे, तिला तो ओळखत नाही. अठराव्या वर्षी तू सही केलेला तो कागद अजून फाइलमध्ये आहे. तो आता कुणाच्याच उपयोगाचा नाही.

म्हणून मी त्याला पुन्हा शिकवायला घेतलं. बुटाची नाडी शिकवायला मला तीन वर्षं लागली होती, तेव्हा हेही जमेल असं वाटलं. रोज जेवण झालं की तुझा कॅक्टसचा फोटो टेबलावर ठेवायचा. "ही कोण?" पहिल्या दिवशी तो खुर्चीवरून उठून गेला. दुसऱ्या आठवड्यात थरथरत बसून राहिला. मी सांगितलं, "मी खोटं बोलले होते, रेइनो. काइसा मेली नव्हती."

तो म्हणाला, "मेलेलं परत येत नाही. तूच सांगितलंस."

"ते खोटं होतं."

"मग हे?"

 तरी मी नेट लावून धरला. मे संपता संपता त्याच्या तोंडी वाक्य बसलं. मी बोट ठेवायचे आणि तो म्हणायचा, "काइसा जिवंत आहे. काइसा टूसॉनला राहते." भीती गेली. फोटो हातात धरायला लागला, तुझ्या केसांवरून अंगठा फिरवायचा. परवा मला वाटलं, जमलं. शॉनाला फोन करून सांगितलंसुद्धा.

काल त्याने आपणहून फोटो मागितला. बराच वेळ बघितला. मग विचारलं, "जिवंत आहे तर येत का नाही?"

मी म्हटलं, "मी येऊ दिलं नाही."

"आता येऊ देतेस?"

"हो."

त्याने वळून दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं, उन्हाळा आहे. मग माझ्याकडे बघितलं.

"तिला यायचं नाही?"

या वेळी मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "बहुतेक नाही."

त्याने फोटो पालथा ठेवला. म्हणाला, "मग मेलेलीच बरी होती. मेलेली माणसं मुद्दाम नाही करत."

आणि उठून ताट धुवायला गेला.

हे तुला दुखवायला लिहीत नाही, असं एक वाक्य मी लिहिलं होतं, ते खोडलं. दुखवायलाच लिहिते आहे. अठरा तारखेला सकाळी दहा वाजता गटनिवासाची गाडी त्याला न्यायला येणार. त्याची बॅग त्याने स्वतःच भरली आहे. बरोबर काय हवं म्हणून विचारलं, तर टॉवेल म्हणाला. फोटो घेतला नाही.

आई